वसंतात उत्तरेकडे परतणारे शिकारी पक्षी कोल्हापुरातून मोजता येतील का?

प्रश्न : कळंबाकाठ

सर्वांस नमस्कार.

आम्ही कोल्हापुरातील सहा जण गेली चार वर्षे दर रविवारी कळंबा आणि रंकाळा तलावांच्या परिसरात पक्षी पाहतो आणि नोंदींची वही ठेवतो. आमच्यात दोन शिक्षक आहेत, एक औषधविक्रेते आहेत, फौंड्रीत काम करणारा एक तरुण आहे, एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे आणि बँकेतून निवृत्त झालेला मी आहे. सहा जणांत मिळून तीन दुर्बिणी आहेत, आणि त्यांपैकी एकीच्या भिंगात बुरशी धरली आहे.

गेल्या वर्षी होळीनंतरच्या रविवारी आम्ही पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलो होतो. सकाळी साडेनऊच्या सुमारास एक राखाडी नर भोवत्या दक्षिणेकडून आला. वाळलेल्या गवतावरून जेमतेम पुरुषभर उंचीने तो येत होता. त्याने एकदाही मान वळवून खाली पाहिले नाही आणि पठाराची कड ओलांडून तो सरळ उत्तरेकडे निघून गेला. भोवत्या हा एरवी एकाच माळावर येरझारा घालणारा पक्षी आहे. नावच तसे पडले आहे. त्याला असे गावाला निघाल्यासारखे जाताना आम्ही प्रथमच पाहिले. पुढच्या पाऊण तासात त्याच वाटेने आणखी दोन गेले. हिवाळ्यात आपल्याकडे आलेले हे पक्षी वसंतात मध्य आशियाकडे परततात हे वाचून ठाऊक होते. ते जाताना आपल्या डोळ्यांसमोरून जातात, हे तेव्हा कळले.

यंदा फाल्गुन ते वैशाख या काळात आठवड्यातून दोन दिवस ही मोजणी पद्धतशीरपणे करावी असा आमचा विचार आहे. मात्र गेल्या वर्षीचा अनुभव उत्साह वाढवणारा नव्हता. पन्हाळ्यावर दोन तास बसून आम्ही वहीत ४३ घारी लिहिल्या. परतताना आमच्यातील विद्यार्थिनीने शांतपणे विचारले की, ज्या घारीचे डाव्या पंखातील एक पीस गळालेले होते, ती आपण किती वेळा लिहिली. त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. बहुधा त्या साऱ्या मिळून नऊ-दहा घारी असाव्यात.

जाणकारांनी सांगावे : यासाठी पन्हाळा योग्य आहे की मसाई पठार? दिवसाचा कोणता वेळ धरावा? घारींचे काय करावे? आणि कोल्हापुरातून अशी मोजणी करण्याला काही अर्थ आहे का, की हे केवळ आमच्या समाधानापुरते राहील?

उत्तर : जुनी दुर्बीण

आपल्या ४३ घारींवर कोणी हसू नये, कारण या कामाची सुरुवात बहुतेकांची अशीच होते. माझी तर परदेशात, चारचौघांत झाली.

माझी मुलगी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे असते. नातवंडांच्या निमित्ताने मी तेथे दोन वसंत ऋतू काढले. शहराजवळ ओंटारिओ सरोवराच्या दक्षिण काठावर ब्रॅडॉक बे नावाची जागा आहे आणि तेथे दर वसंतात स्वयंसेवक शिकारी पक्षी मोजतात. दक्षिणेकडून येणाऱ्या पक्ष्यांना कॅनडात जायचे असते, परंतु समोर समुद्रासारखे सरोवर लागते. गरुड, बाज, गिधाडे हे रुंद पंखांचे पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या झोतावर, ज्याला आपण सारेच आता थर्मल म्हणतो, गोल फिरत उंची मिळवतात आणि तेथून पंख न हलवता पुढच्या झोतापर्यंत घसरत जातात. थंड पाण्यावर असे झोत उठत नाहीत. त्यामुळे बांधाला अडलेले पाणी जसे बांधाच्या कडेने वाट काढते, तसे हे पक्षी काठाकाठाने पूर्वेकडे वळतात आणि एका अरुंद पट्ट्यात गोळा होतात. याच सरोवराच्या आग्नेय कोपऱ्यात डर्बी हिल नावाचे दुसरे ठाणे आहे. इस्रायलमधील एलात वसंतात आणि जॉर्जियातील बातुमी शरदात याच तत्त्वावर प्रसिद्ध आहेत. बातुमीला काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्या चिमट्यातून एका हंगामात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात आणि तेथे २००८ पासून मोजणी चालू आहे.

हे विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, कोल्हापूरला असा चिमटा नाही. आपल्या उत्तरेला सरोवर नाही आणि सह्याद्रीची धार दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे ती कोणाला अडवत नाही. येथून जाणारे पक्षी कोकणापासून पार सोलापूरपर्यंतच्या रुंद पट्ट्यात विखरून जातात. शिवाय भोवत्या आणि ससाणे यांना पंख मारत उडण्याचा कंटाळा नसतो. ते थर्मलसाठी खोळंबत नाहीत आणि पाण्यालाही फारसे घाबरत नाहीत. तेव्हा हजारोंची अपेक्षा मनातून काढून टाकावी. एका सकाळी पाच पक्षी मिळाले तर तो दिवस चांगला समजावा.

आता घारी. ब्रॅडॉक बेला हाच प्रश्न टर्की व्हल्चर नावाच्या गिधाडांच्या बाबतीत येतो, कारण त्यांतली काही स्थलांतर करणारी आणि काही तेथेच राहणारी असतात. तेथील नियम सोपा आहे. समोरच्या भूभागावर एक काल्पनिक रेघ ठरवायची आणि ती रेघ योग्य दिशेने ओलांडून दिसेनासा होणारा पक्षीच मोजायचा. तोच उलट दिशेने परत आला तर एक वजा करायचा. डोक्यावर घिरट्या घालणाऱ्याला, तो कितीही देखणा असला तरी, वहीत जागा नाही. पन्हाळ्यावरून पाहताना समोरच्या डोंगरांतील दोन ठळक माथे जोडून अशी रेघ धरता येईल. गावातील मटणाच्या दुकानांभोवतीच्या घारी त्या रेघेकडे फिरकणारही नाहीत.

थवा मोजण्याची रीतही मी तेथेच शिकलो. एप्रिलच्या अखेरीस दक्षिणेचा वारा सुटला की ब्रॉड-विंग्ड हॉक नावाचे लहान बाज शेकड्यांनी येतात आणि एकाच झोतात ढवळल्यासारखे फिरतात. मी घाईघाईने त्या भोवऱ्यातच मोजू लागलो आणि साठ म्हणून जाहीर केले. माझ्या शेजारच्या बाई हातातील मोजयंत्रावर अंगठा ठेवून स्वस्थ उभ्या होत्या. झोताच्या माथ्यावरून पक्षी एकामागोमाग एक सुटून सरळ रेषेत घसरू लागले तेव्हा त्यांनी टकटक सुरू केली आणि ११२ वर थांबल्या. भोवऱ्यात मोजू नये, बाहेर पडणाऱ्या रांगेत मोजावे. आपल्याकडे अशी वेळ क्वचितच येईल, पण आली तर गडबड होऊ नये.

जागेविषयी माझे मत पुसाटी बुरुजाच्या बाजूने आहे. पन्हाळा आसपासच्या मुलखापेक्षा चांगलाच उंच आहे, बुरूज पश्चिम टोकाला आहे आणि खालची दरी व पलीकडचे डोंगर मोकळे दिसतात. सकाळी सूर्य पाठीशी राहतो, ही गोष्ट लहान नाही. भोवत्यांसाठी आठला बसावे. रुंद पंखांचे पक्षी नऊच्या पुढे जमीन तापू लागल्यावर हलतात आणि बारानंतर इतके वर जातात की निळ्या आकाशात ठिपकाही सापडत नाही. पांढऱ्या ढगाची पार्श्वभूमी मिळाली तर ती सोडू नये. दुर्बीण आकाशात भिरभिरू न देता क्षितिजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्यावी, मग अर्धे दृश्य वर सरकवून परत आणावी. एप्रिल सरताना सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तर कोल्हापुरात दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. तेव्हा अकराला उठावे, डोळे सांभाळावेत.

शक्य असेल तेथे पक्ष्याचे वयही लिहावे. पेनसिल्वेनियातील हॉक माउंटन येथे १९३४ पासून शरदात मोजणी होत आली आहे. तेथे १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या टकल्या गरुडांपैकी सुमारे ४० टक्के त्या वर्षीची पिल्ले होती. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आले. नुसते गरुड मोजले असते तर ही घसरण इतक्या लवकर ध्यानात आली नसती. पिल्ले वेगळी लिहिली होती म्हणून डीडीटी या कीटकनाशकाच्या परिणामांची चर्चा सुरू झाली तेव्हा हा आकडा पुराव्याला उभा राहिला.

उत्तर : माळावरचा माणूस

वरील सरांचा अनुभव मोठा आहे आणि रेघेचा नियम मी आजपासून वापरणार आहे. परंतु जागेच्या बाबतीत मला नम्रपणे वेगळे सांगायचे आहे. भोवत्या मोजायचा असेल तर पन्हाळ्यावर चढू नका. खाली माळावर या, आणि तेही सकाळी नव्हे, दिवस मावळताना.

भोवत्या झाडावर झोपत नाही. तो उंच वाळलेल्या गवतात जमिनीवर रात्र काढतो, आणि एकेका माळावर अनेक जण एकत्र येतात. गुजरातमधील वेळावदरच्या गवताळ प्रदेशात असे शेकडो पक्षी जमतात आणि त्यांच्या रात्रथाऱ्यांची मोजणी तेथे वर्षानुवर्षे झालेली आहे. आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यात ऊस शिरायचा राहिलेला एक माळ आहे, तेथे हिवाळ्यात वीस-पंचवीस तरी असतात. सूर्य बुडण्याच्या अर्धा तास आधी बांधावर बसायचे. पहिला पक्षी येतो तो लगेच उतरत नाही. माळावर दोन-तीन फेऱ्या मारतो, मध्येच खाली टेकतो, पुन्हा उठतो. मग दुसरा, तिसरा. अंधार दाटू लागला की सारे एकेक करून गवतात पडतात. पडतात असेच म्हणावे लागते, कारण पंख मिटून दगडासारखे खाली जातात. शेवटचा उतरेपर्यंत हलायचे नाही, आणि उतरलेल्यांपैकी पुन्हा उठलेला वजा करायचा. म्हणजे सरांचा नियमच, फक्त रेघ आडवी न धरता गवताची.

याचा वसंताशी संबंध असा की, दर चार दिवसांनी ही मोजणी केली तर आकडा घसरताना दिसतो. गेल्या हंगामात माझ्या वहीत २६, २६, २४ असे आकडे महाशिवरात्रीपर्यंत होते. होळीनंतर १७ झाले, मग ९, आणि पाडव्याला ४. पन्हाळ्यावरून तुम्हाला जाणाऱ्या दोघांची पाठ दिसेल. मला येथे किती जण निघून गेले ते कळते. राखाडी नर आधी कमी झाले आणि तपकिरी पक्षी मागे रेंगाळले, असेही मला वाटले, पण एका वर्षाच्या वहीवरून मी ते छातीठोकपणे सांगणार नाही.

जागेचे नाव मी येथे लिहिणार नाही, याबद्दल राग मानू नये. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या छायाचित्रकाराला विश्वासाने सांगितले होते. पुढच्या शनिवारी संध्याकाळी चार गाड्या थेट गवतात उभ्या होत्या आणि त्या रात्री एकही पक्षी माळावर उतरला नाही. दुसरी अडचण आगीची आहे. नवे गवत लवकर फुटावे म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीतरी माळ पेटवून देतो. गवत जळाले की आकडा एका रात्रीत शून्य होतो, आणि वहीत तो पक्षी परत गेल्यासारखा दिसतो. म्हणून शून्य लिहिताना शेजारी कारण लिहावे : ‘माळ जळाला.’

उत्तर : घाटमाथा

दोन्ही बाजू पटल्या. मला फक्त मे महिन्याबद्दल लिहायचे आहे, कारण बहुतेक जण पाडव्यानंतर दुर्बिणी कपाटात ठेवतात.

अमूर ससाणा हा कबुतराएवढा पक्षी आग्नेय सैबेरिया आणि उत्तर चीनमध्ये वीण करतो आणि हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिण भागात घालवतो. जाताना तो नागालँडमध्ये थांबतो. वोखा जिल्ह्यातील पांगती गावाजवळ दोयांग जलाशयावर २०१२ मध्ये जाळी लावून त्यांची प्रचंड प्रमाणात हत्या झाल्याचे उघड झाले आणि २०१३ मध्ये त्याच गावकऱ्यांनी ती पूर्णपणे थांबवली, ही हकीकत येथील बहुतेकांनी वाचलेली असेल. त्या वर्षी उपग्रह-यंत्र बसवलेल्या पक्ष्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावे दिली गेली. हे पक्षी भारत ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेला जातात. परतीच्या प्रवासात एप्रिलअखेर आणि मे महिन्यात ते सोमालियाकडून पुन्हा समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे येतात, त्या वेळी नैर्ऋत्येचा वारा पाठीशी असतो. समुद्रावरील या प्रवासात त्यांना स्थलांतर करणाऱ्या चतुरांचे खाद्य मिळत असावे, असा एक तर्क आहे.

यावरून मे महिन्यात घाटमाथ्यावर बसण्यात अर्थ आहे असे मला वाटते. मी गगनबावड्याजवळ तीन वर्षे बसत आहे. तीन वर्षांत एकदाच, वळिवाच्या आधीच्या दुपारी, अकरा लहान ससाणे टोकदार पंख मारत पूर्वेकडे गेले. नराच्या पंखाखालचा पांढरा भाग दिसला असता तर नाव लिहिले असते. ते फार दूर होते. वहीत ‘लहान ससाणा, जात अनिश्चित, ११’ अशीच ओळ आहे. मित्रांनी पुष्कळ आग्रह केला, पण मी ती बदललेली नाही.

एक सूचना. पश्चिमेकडे ढग काळे झाले आणि वारा थंड लागू लागला की उघड्या कड्यावर एक मिनिटही थांबू नये. वळिवाची वीज पक्षीनिरीक्षकाला ओळखत नाही.

प्रश्नकर्ता : कळंबाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माळावरच्या दादांनी जागा सांगितली नाही हे योग्यच केले.

दोन शंका राहतात. पहिली, भोवत्यांतील माँटेग्यू आणि पॅलिड या दोन जातींच्या माद्या आणि पिल्ले आम्हाला वेगळी ओळखता येत नाहीत. नर ओळखतो : माँटेग्यूच्या राखाडी पंखावर आडवी काळी पट्टी असते आणि पॅलिडचा नर अधिक फिकट असून पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर असते. तपकिरी, कमरेवर पांढरा डाग असलेला पक्षी समोरून गेला की आमच्यात वाद होतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे नाव वहीत जाते. दुसरी शंका, सकाळी पन्हाळ्यावर आणि संध्याकाळी माळावर अशी दोन्हीकडे मोजणी केली तर बेरीज कशी करावी?

उत्तर : वहीतला शून्य

मी पक्ष्यांपेक्षा आकड्यांत अधिक रमणारा माणूस आहे, त्यामुळे दुसऱ्या शंकेपासून आरंभ करतो. बेरीज करू नये. माळावर संध्याकाळी उतरणारे पक्षी तेथे राहत आहेत आणि पन्हाळ्यावरून सकाळी जाणारे पक्षी निघाले आहेत. दोन्ही आकडे वेगळ्या गोष्टी सांगतात. दोन वह्या ठेवाव्यात. तसेच पन्हाळा आणि मसाई पठार येथे एकाच सकाळी दोन गट बसले, तर त्यांचीही बेरीज करू नये, कारण तोच भोवत्या वीस मिनिटांनी दुसऱ्या गटाला दिसू शकतो.

आपण विचारले होते की कोल्हापुरातून मोजण्याला काही अर्थ आहे का. एका वर्षाच्या आकड्याला फारसा नाही, असे स्पष्ट सांगतो. परंतु तीच जागा, तेच आठवडे, तेच तास, असे सात-आठ वर्षे चालले तर आहे, आणि त्यासाठी पक्ष्यांच्या संख्येपेक्षा श्रमाची नोंद जपावी लागते. ‘१९ पक्षी’ या आकड्याचा मला काहीही उपयोग नाही. ‘चार सकाळी, एकूण बारा तास, तीन निरीक्षक, १९ पक्षी’ असे लिहिले तर ताशी सुमारे दीड पक्षी हा दर मिळतो आणि पुढच्या वर्षीच्या वीस तासांशी त्याची तुलना करता येते. म्हणून प्रत्येक तास वेगळा लिहावा, त्यात वाऱ्याची दिशा, ढग आणि धूसरपणा लिहावा, आणि निरीक्षकांपैकी कोणी चहाला गेला असेल तर तेही लिहावे. ज्या तासात काही दिसले नाही तो तास तर आवर्जून लिहावा. आपल्याकडे लोक रिकामा रविवार वहीतून गाळतात आणि मग हंगामअखेर आकडा फुगलेला दिसतो.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणार असाल तर एकाच जागी उभे राहून केलेली नोंद हा प्रकार निवडावा आणि तासाला एक यादी करावी. तेथे सारे पक्षी लिहायचे असतात, त्यामुळे घिरट्या घालणाऱ्या घारी अंदाजाने तेथे जातील. रेघ ओलांडणाऱ्यांची वही मात्र स्वतंत्र ठेवावी.

तपकिरी भोवत्यांबद्दल : ‘माँटेग्यू किंवा पॅलिड’ असा रकाना आखा आणि तो भरताना लाज वाटू देऊ नका. मादीच्या बाबतीत मानेवरचा फिकट कंठा ठळक दिसला तर पॅलिडची शक्यता वाढते, पण तो जवळून आणि चांगल्या उजेडात दिसावा लागतो. पॅलिड हा जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत गणला जातो आणि माँटेग्यू नाही. म्हणून मोठ्या आवाजाने लिहिलेला एक चुकीचा पॅलिड दहा अनिश्चित पक्ष्यांपेक्षा अधिक नुकसान करतो. नाव लिहिण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना न सांगता कागदावर लिहावे आणि दोन्ही नावे जुळली तरच वहीत घ्यावे.

वरील जुनी दुर्बीण यांच्या एका सूचनेशी मी पूर्ण सहमत नाही. वय लिहिण्याची कल्पना उत्तम आहे, परंतु तीन दुर्बिणींपैकी एकीला बुरशी धरलेल्या गटाने पहिल्याच वर्षी ती जबाबदारी घेऊ नये. एप्रिलमध्ये दहा वाजता दरीवर जी झळ नाचते, तिच्यातून पिसांचा रंग सांगणे अनुभवी माणसालाही कठीण जाते.

उत्तर : जुनी दुर्बीण

आक्षेप मान्य आहे. प्रौढ नर आणि ‘इतर’ एवढे दोनच रकाने ठेवावेत; माळावरच्या माणसाला नर आधी कमी झाल्यासारखे वाटले आहे, त्याचा पडताळा त्यातूनही मिळू शकेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली होती. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. त्या दोन-तीन दिवसांत पन्हाळ्याकडे जाण्याचा बेत आखू नये. मी एकदा केर्लीच्या पुढे सासनकाठ्यांच्या मागे तीन तास अडकलो होतो, आणि त्या वेळी डोक्यावरून काही गेले असेल तर गुलालात ते मला दिसले नाही. तो आठवडा आधीच रद्द म्हणून लिहून ठेवावा, म्हणजे नंतर त्याची खंत राहत नाही.

प्रश्नकर्ता : कळंबाकाठ

काल आम्ही पहिली मोजणी केली, तिचा वृत्तान्त देतो.

पुसाटी बुरुजावर सकाळी आठ ते अकरा असे तीन तास चौघे जण बसलो. वारा आरंभी जवळजवळ नव्हता, दहानंतर पश्चिमेकडून मंद सुटला. पहिल्या तासात एक नर माँटेग्यू, दरीच्या मध्यावरून, आमच्या पायांच्या पातळीखालून गेला. पक्षी वरून पाहण्याची आम्हाला सवय नव्हती. पंखावरची ती काळी पट्टी पुस्तकातल्या चित्रासारखी आखलेली दिसली आणि दोन्ही कागदांवर एकच नाव आले. दुसऱ्या तासात एक तपकिरी भोवत्या आणि एक खरुची (केस्ट्रेल, लहान ससाणा) रेघेपलीकडे गेली. भोवत्याच्या वेळी कागदांवर दोन वेगळी नावे निघाली, म्हणून तो ‘माँटेग्यू किंवा पॅलिड’ या रकान्यात गेला. खरुची दहा मिनिटांनी परत येऊन बुरुजासमोर एका जागी पंख फडफडवत स्थिर राहिली, तेव्हा एक वजा केला. तिसऱ्या तासात शून्य. शून्य लिहिताना औषधविक्रेत्यांचा हात थोडा अडखळला, पण लिहिले.

घारी वर अकरा-बारा होत्या. रेघ एकीनेही ओलांडली नाही. डाव्या पंखातले पीस नसलेली ती घार, किंवा तशीच दुसरी कोणी, यंदाही होती.

पुढचे सहा रविवार आणि सहा बुधवार ठरले आहेत. चैत्र पौर्णिमेचा आठवडा वगळला आहे. माळावरच्या दादांनी परवानगी दिली तर आमच्यातील दोघे संध्याकाळी त्यांच्या बांधावर बसून त्यांच्याच वहीत नोंद करतील आणि गाडी गावातच ठेवतील. बुधवारी शिक्षकांना सुटी नसल्याने पन्हाळ्यावर एक माणूस कमी पडतो. दुर्बीण नसली तरी चालेल. तिघे आकाशाकडे पाहत असताना घड्याळ पाहून तास बदलणारा आणि वही धरणारा कोणी हवा आहे. रंकाळा बसस्थानकासमोरून सकाळी साडेसहाला निघतो.